तीन किलोवॉटचं छत: भरवसा कशावर, धास्ती कशाची

पुढची वीस-पंचवीस वर्षं माणसाला कशी जातील, यावर दोन तट पडले आहेत. नवी यंत्रं सगळं निभावून नेतील असं एकाला वाटतं, तर आपण हाताने सगळं घालवून बसू असं दुसऱ्याला. या वादाला काही वजन यायचं असेल तर एखादी खरी वस्तू समोर घ्यावी. पंचवीस वर्षांची हमी देऊन विकली जाणारी, साध्या घराच्या आवाक्यातली आणि जिना चढून डोळ्यांनी तपासता येणारी. छतावरचा तीन किलोवॉटचा ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याला जोडलेला, सौर संच ही तशी वस्तू आहे, आणि हा त्याचाच परखड आढावा आहे.

गुण आधी सांगून टाकतो. पॅनेलला दहापैकी नऊ, पॅनेलची एकदिश (डीसी) वीज घरात चालणाऱ्या उलटसुलट (एसी) विजेत बदलणाऱ्या इन्व्हर्टरला सात. बसवणीच्या कामाला सरसकट पाच. ज्या वीजजाळ्याला हा संच जोडला जातो त्याच्या तयारीला चार. हे आकडे उतरत का जातात, याचंच उत्तर पुढे आहे.

पॅनेलपासून सुरुवात करू, कारण आशावाद्यांची सगळ्यात भक्कम बाजू तिथे आहे. २५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेत बेल लॅब्जने सिलिकॉनचा सौर सेल लोकांना दाखवला, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आज तालुक्याच्या दुकानात मिळणारं मोनो (अखंड एका स्फटिकाच्या सिलिकॉनचं) पॅनेल २१-२२ टक्के देतं. १९७० च्या दशकाच्या मध्यावर एका वॉटला आजच्या पैशात शंभर डॉलरहून जास्त मोजावे लागत. आता जगाच्या बाजारात तेच काम दहा-वीस सेंटांत होतं. एकूण उत्पादन दुप्पट झालं की भाव साधारण वीस टक्के उतरतो, हा कल पन्नास वर्षं टिकून आहे. भारताची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॉटच्या पुढे गेली. पॅनेल बनवायला लागलेली ऊर्जा आपल्या उन्हात ते एक-दीड वर्षात परत करतं, आणि त्यानंतरची दोन दशकं निव्वळ कमाईची. ज्याला भविष्याबद्दल काहीच चांगलं दिसत नाही, त्याने या एका वस्तूचा इतिहास तरी शांतपणे बघावा.

सरकारी सबसिडीच्या संचात सहसा ५४० वॉटची सहा पॅनेलं येतात, म्हणजे ३.२४ किलोवॉट. एक पॅनेल साधारण सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरला थोडं कमी रुंद आणि अठ्ठावीसेक किलो वजनाचं. मोकळी, सावली नसलेली तीनशे चौरस फूट जागा लागते. महाराष्ट्रात एक किलोवॉट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतो, म्हणून तीन किलोवॉटचे वर्षाला ४,२०० युनिट धरावेत. विक्रेता दिवसाला पंधरा युनिटांचं आश्वासन देत असेल तर तो मार्च महिन्यातला स्वच्छ दिवस दाखवतोय. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हाच संच दिवसाला पाच-सहा युनिटांवर येतो, आणि त्यात बिघाड काहीच नसतो.

आणखी एक गैरसमज उन्हाचा. विदर्भात मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज मिळेल असं वाटतं, पण पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पाटीवरचे वॉट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. दुपारी सेलचं तापमान ६५ अंशांवर गेलं की मोनो पर्क या साध्या प्रकारच्या पॅनेलमध्ये अंशामागे ०.३५ टक्के या हिशेबाने १४ टक्के उत्पादन कमी होतं. टॉपकॉन या त्याहून नव्या प्रकारच्या पॅनेलमध्ये ही घट अंशामागे सुमारे ०.३ टक्के आहे. नागपूर, चंद्रपूर, जळगाव या भागांत टॉपकॉनसाठी थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नका. खालून वारा खेळायला किमान वीतभर जागा ठेवा.

पैशांचं गणित. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात. ७८,००० च्या वर सबसिडी जात नाही, मग संच पाच किलोवॉटचा असला तरी. सबसिडीसाठी सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले हवेत, त्यालाच बाजारात डीसीआर म्हणतात. डीसीआर संचाचे भाव पावणेदोन ते सव्वादोन लाखांच्या दरम्यान सांगितले जातात. दोन लाख धरले तर घरचा खर्च १ लाख २२ हजार. वाचलेल्या युनिटामागे सरासरी आठ रुपये धरले, तर ४,२०० युनिटांचे वर्षाला ३३,६०० रुपये होतात, म्हणजे चार वर्षांच्या आत पैसे वसूल. पण हे गणित महिन्याला तीनशे-साडेतीनशे युनिट जाळणाऱ्या घराचं आहे. ज्या घराचं बिल शंभर युनिटांच्या आत आहे त्याचा दरच कमी असतो. तिथे तीन किलोवॉट बसवणं म्हणजे पैसे अडकवणं, एक किलोवॉट पुरे. उरलेले युनिट ३१ मार्चला महावितरणच्या हिशेबात जमा होतात, पण त्यांना मिळणारा भाव घरच्या दरापेक्षा बराच कमी असतो. वीज विकून कमाई होईल या आशेवर मोठा संच घेऊ नका. शिवाय स्थिर आकार भरावाच लागतो, त्यामुळे ‘शून्य बिल’ हा जाहिरातीतला शब्द तसाच्या तसा धरू नये.

आता बसवणीकडे. उत्तम वस्तू मामुली कामामुळे वाया जाते ती इथे, आणि निराशावाद्यांचं म्हणणं सगळ्यात जास्त ऐकावं तेही इथेच.

सांगाड्याचं बघा. सहा पॅनेलांचं क्षेत्रफळ साडेपंधरा चौरस मीटर होतं. ताशी १५० किलोमीटरच्या वाऱ्यात चौरस मीटरमागे हजारेक न्यूटनचा दाब येतो, म्हणजे सगळ्या सांगाड्याला वर उचलणारा जोर दीड टनाच्या घरात जाऊ शकतो. एक फूट बाय एक फूट बाय एक फूट काँक्रीटचा ठोकळा भरतो ६८ किलोचा. असे सहा ठोकळे, पॅनेलं आणि लोखंड मिळून पाऊण टनही होत नाही. म्हणजे नुसते ठोकळे ठेवून उभा केलेला सांगाडा चक्रीवादळात आपल्या वजनावर टिकत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगड किनाऱ्यावर आलं, पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते किनाऱ्यालगत गेलं. कोकणात आणि गोव्यात ‘आमच्याकडे एवढा वारा नसतो’ असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. स्लॅबमध्ये केमिकल अँकर, म्हणजे रासायनिक गोंदाने भोकात पक्के बसवलेले बोल्ट, घालून पाय पक्के करावेत. आणि जिथे ड्रिल केलं तिथे त्याच दिवशी वॉटरप्रूफिंग करून घ्यावं, नाहीतर पहिल्या पावसात खालच्या खोलीचं छत ओलं होतं आणि दोष विनाकारण सौरऊर्जेवर येतो.

लोखंड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं असावं, जस्ताचा थर ८० मायक्रॉनचा. बऱ्याच ठिकाणी पातळ थराचा साधा जीआय पाइप आणून गच्चीवरच कापतात आणि वेल्डिंग करतात. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्त जळतं, वर चंदेरी रंग फासतात आणि दोन पावसाळ्यांत जोडापासून गंज सुरू होतो. पंचवीस वर्षांचं पॅनेल सहा-सात वर्षांच्या पायांवर उभं राहतं. वेल्डिंग नको, नट-बोल्टचा सांगाडा मागा, आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. हे कोटेशनमध्ये लिहून घ्या, तोंडी नको.

दुसरी कमजोर जागा म्हणजे तारांचे जोड. पॅनेलची तार ४ चौरस मिलिमीटरची, उन्हात टिकणाऱ्या वेष्टनाची, तांब्याची असावी. दोन तारा जोडणारे एमसी-४ कनेक्टर दिसायला सारखे असले तरी वेगवेगळ्या कंपन्यांचे नर-मादी एकमेकांत बसवायचे नसतात. आतला स्पर्श नीट होत नाही, जोड तापतो, प्लास्टिक वितळतं. छतावरच्या आगींचं हे एक ठरलेलं कारण आहे. पकडीने दाबून केलेला जोडही तसाच घातक, त्यासाठी क्रिम्पिंगचं खास हत्यार असतं. काम चालू असताना कारागिराच्या हातात ते आहे का, एवढं बघितलं तरी खूप कळतं. जोड स्लॅबवर लोळत ठेवू नयेत, पावसाचं पाणी साचतं. ते पॅनेलांखालच्या लोखंडी पट्टीला बांधावेत.

अर्थिंगचे खड्डे तीन वेगळे हवेत: डीसी बाजूचा, एसी बाजूचा आणि आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचा. काळ्या कातळाच्या जमिनीत ओलावा टिकत नाही, त्यामुळे फेब्रुवारीत बरा असलेला अर्थिंगचा रोध मे महिन्यात वाढतो, आणि वळवाच्या विजा नेमक्या त्याच दिवसांत कडाडतात. मराठवाडा-विदर्भात ओलावा धरणारी बेंटोनाइट माती घालून केमिकल अर्थिंग करावं आणि मोजमाप ५ ओहमच्या आत आलं तरच सही करावी. डीसीडीबी, म्हणजे डीसी तारांच्या पेटीत, विजेचा अचानक आलेला झटका झेलणारा सर्ज प्रोटेक्टर असतो. त्याची खिडकी हिरवी असते. लाल झाली की तो आपलं काम करून संपलेला असतो, बदलावा लागतो. ही पेटी पाच-पाच वर्षं उघडली जात नाही, ही खरी अडचण.

सावलीचं गणितही लक्षात घ्या. सहा पॅनेलं एका माळेत असतात. पॅनेलमध्ये सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणारे तीन बायपास डायोड असतात, त्यामुळे टाकीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी त्या पॅनेलचा एक तृतीयांश भाग बाद होऊ शकतो. टाकी पॅनेलांच्या उत्तरेला असेल तर प्रश्न नाही. दक्षिणेला किंवा पश्चिमेला असेल तर टाकी हलवणं पॅनेल वाढवण्यापेक्षा स्वस्त पडतं. तोंड दक्षिणेला, उतार १५ ते २० अंश. दहाच्या खाली उतार ठेवला तर पावसाचं पाणी खालच्या कडेला थांबतं आणि तिथे मातीची पट्टी बसते.

आता वीजजाळं, जिथे आपले गुण चारवर आले. संच व्यवस्थित आहे, ऊन कडक आहे, आणि दुपारी एकला इन्व्हर्टर बंद पडतो, पाच मिनिटांनी चालू होतो, परत बंद. पडद्यावर ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’. याचं कारण नियमातच आहे: जाळ्याचा दाब २३० व्होल्टच्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टच्या वर गेला की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत बाजूला व्हायचं असतं. रोहित्राजवळच्या घरांत दुपारी मुळातच २४८-२५० व्होल्ट असतात, कारण त्या तारेवरच्या शेवटच्या घरापर्यंत दाब पोचावा म्हणून तो वरच ठेवलेला असतो. त्यात इन्व्हर्टर वीज बाहेर ढकलतो तेव्हा त्याला आणखी वरचा दाब द्यावा लागतो. किती वर, हे तारेवर ठरतं. इन्व्हर्टर ते मीटर ३० मीटर अंतर आणि १३ अँपिअर प्रवाह धरला तर २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे ६ व्होल्ट चढतात, ४ च्या तारेत साडेतीन, ६ च्या तारेत अडीच. विक्रेता तारेत काही शे रुपये वाचवतो आणि घरमालक दर उन्हाळ्यात शेकडो युनिट गमावतो. म्हणून ६ ची तार मागा. तरीही प्रश्न राहिला तर आठवडाभर दुपारी बारा ते तीन दर अर्ध्या तासाला व्होल्टेजची नोंद करून ती महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात लेखी द्या आणि रोहित्राचा टॅप (बाहेर जाणारा दाब ठरवणारी जोडणी) खाली घ्यायची मागणी करा. इन्व्हर्टरची मर्यादा वाढवून देतो असं सांगणाऱ्याला नकार द्या. तो दाब शेजाऱ्याच्या फ्रीजलाही बसतो.

हे एका घरापुरतं उरत नाही. गल्लीत एक छत असतं तोवर जाळं ते पचवतं, वीस झाली की त्याच तारेवर सगळ्यांची वीज एकाच वेळी उलटी चालते. सातारा जिल्ह्यातलं पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे महाराष्ट्रातलं पहिलं सौरग्राम झालं. पुढच्या गावांची नुसती छतं मोजून भागणार नाही, रोहित्रं आणि तारासुद्धा मोजाव्या लागतील. संध्याकाळी सात ते दहाची गरज तर छत भागवतच नाही, ती आजही मुख्यतः कोळशावर चालते.

पहिल्याच महिन्यात मनस्ताप देणारी गोष्ट वेगळीच असते. बाहेरची लाइट गेली की भर उन्हात घरही अंधारात जातं. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर मुद्दाम तसा बनवलेला असतो, कारण दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनच्या अंगावर आपल्या गच्चीवरची वीज जाऊ नये. हा दोष नाही, जीव वाचवणारी सोय आहे, पण विकताना सांगत नाहीत. दिवसाला तासन्‌तास लोडशेडिंग असलेल्या गावात हायब्रिड (बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्यावी लागते. सबसिडी मात्र बॅटरीला मिळत नाही. २०१० पासून लिथियम बॅटरीचा भाव सुमारे नव्वद टक्के उतरलेला आहे. आज परवडत नसेल तर ‘बॅटरी-रेडी’ इन्व्हर्टर घेऊन ठेवा, बॅटरी नंतर जोडता येते.

कागदपत्रं थोडक्यात. सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर वीजबिलावरच्या ग्राहक क्रमांकाने नोंदणी करायची, अर्ज भरायचा आणि नोंदणीकृत व्हेंडर निवडायचा. दहा किलोवॉटपर्यंत तांत्रिक मंजुरी आपोआप मिळते. बसवणी, नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर), तपासणी झाली की बँक तपशील भरायचे. गाडी अडते ती नावावर. वीजबिल आजोबांच्या नावावर, बँक खातं नातवाचं, अशा घरांनी आधी बिलावरचं नाव बदलून घ्यावं. तीन किलोवॉटपर्यंत दोन लाखांचं कर्ज तारणाशिवाय, सहा-सात टक्क्यांच्या आसपास मिळतं. व्हेंडरला शेवटचे दहा टक्के नेट मीटर लागेपर्यंत देऊ नका. त्यापेक्षा चांगला तगादा दुसरा नाही.

आता पुन्हा त्या दोन तटांकडे. १९८० साली जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक आणि अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन या पाच धातूंवर १,००० डॉलरची पैज लावली होती. एर्लिक म्हणाले, लोकसंख्या वाढते आहे, धातू महागणार. सायमन म्हणाले, माणूस वाट काढतो, स्वस्त होणार. १९९० मध्ये एर्लिकनी ५७६.०७ डॉलरचा चेक पाठवला. ही गोष्ट आशावादी नेहमी सांगतात. पण नंतर अभ्यासकांनी दुसरी दहा-दहा वर्षं घेऊन तीच पैज तपासली तेव्हा बऱ्याच वेळा एर्लिक जिंकले असते असं निघालं. पॅनेलचंही तसंच आहे. तीन किलोवॉटच्या संचात तीसेक ग्रॅम चांदी असते, आणि चांदी महागली की भावाचा उतार अडखळतो. पॅनेल बनवण्याच्या साखळीतल्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ऐंशी टक्क्यांहून जास्त आहे. इतकं महत्त्वाचं काम एकाच देशात गोळा होणं, याची धास्ती रास्त आहे. डीसीआरची अट त्यासाठी आहे आणि तिची किंमत आपण वॉटमागे मोजतो.

शिवाय वाचवलेली वीज जाते कुठे? आपलं एक छत वर्षाला ४,२०० युनिट देतं आणि तीनेक टन कार्बन डायऑक्साइड टाळतं. ऐरोली-महापेच्या पट्ट्यात डेटा सेंटरं उभी आहेत. अखंड एक मेगावॉट ओढणारा भार वर्षाला ८७ लाख ६० हजार युनिट घेतो, म्हणजे अशा सुमारे २,०८५ छतांची वीज. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अंदाजानुसार जगातल्या डेटा सेंटरांचा वापर २०२४ मधल्या सुमारे ४१५ अब्ज युनिटांवरून २०३० पर्यंत ९४५ अब्जांवर जाईल. एक यंत्र वाचवतं, दुसरं खातं, आणि दोन्ही आपल्यालाच हवी आहेत. ‘सौरऊर्जा आली, आता चिंता मिटली’ हे वाक्य म्हणूनच आमच्या पचनी पडत नाही. पण त्याच्या उलटं, ‘एका छताने काय होणार’ हेही तितकंच चुकीचं, कारण भाव उतरला तो अशाच लाखो लहान खरेद्यांनी.

जुन्या पॅनेलांचा प्रश्नही समोर आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेल आलं, आणि २०३४-३५ पर्यंतचा हा कचरा उत्पादकांनी साठवून ठेवायचा आहे. पुढे त्याचं नेमकं काय करायचं, ही व्यवस्था अजून उभी राहायची आहे. फुटलेलं पॅनेल भंगारवाल्याला देऊ नका. तो ॲल्युमिनियमची चौकट काढून घेतो आणि काच-प्लास्टिकचा थर ओढ्यात जातो.

देखभालीचं काम थोडंच, पण वेळेवर हवं. दर पंधरा दिवसांनी सकाळी सातच्या आधी साध्या पाण्याने धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते. बोअरचं जड पाणी वाळल्यावर पांढरे डाग ठेवतं, त्यामुळे शेवटचा हात पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा द्या. कबुतराची विष्ठा वाळू देऊ नका. तिच्याखालचा सेल तापून कायमचा जळतो. योजनेप्रमाणे व्हेंडरने पाच वर्षं देखभाल करायची असते, तिचं वेळापत्रक तारखांसह मागून घ्या. मेअखेरीस सगळे बोल्ट आवळून घ्यायला लावा.

संच ताब्यात घेण्याच्या दिवशी सहाही पॅनेलांच्या पाठीवरच्या अनुक्रमांकांचे, डीसीआर प्रमाणपत्राचे आणि नेट मीटरच्या आयात-निर्यात आकड्यांचे फोटो काढा. इन्व्हर्टरच्या ॲपची नोंदणी व्हेंडरच्या खात्यावर न ठेवता आपल्या ईमेलवर करून घ्या आणि पासवर्ड तिथेच बदला. दूरून संच बंद करायची चावी त्या ॲपमध्ये असते, आणि व्हेंडरने दुकान बंद केलं तर ती त्याच्याबरोबर जाते. हमीचा कागद उन्हापासून लांब ठेवा. थर्मल प्रिंटची पावती दोन वर्षांत कोरी होते, तिची झेरॉक्स आजच काढा.